कोविडची मंदी, मुंबई महापालिकेचं बजेट आणि आपला वॉर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे हिशोब वाचायची खोड लागलेली. 2020 ते 2022 या काळात महापालिकेच्या पैशाबद्दल ग्रुपवर जे प्रश्न यायचे ते अजूनही येतात, दर फेब्रुवारीत बजेटची हेडलाइन आली की पुन्हा सुरू. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथला नंबर दिलाय.

1. बीएमसीचं बजेट मांडतं कोण? महापौर का?

नाही, आयुक्त. 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्याप्रमाणे आयुक्त 5 फेब्रुवारीच्या आत स्थायी समितीला अंदाज सादर करतात, मग स्थायी समिती आणि शेवटी सभागृह त्यावर बोलतं, बदल करतं आणि मंजूर करतं. महापौरपद मानाचं, पण तिजोरीची चावी आयुक्त आणि स्थायी समितीकडे. महामारीच्या मधोमध आयुक्तही बदलले, 2020-21 चं बजेट प्रवीण परदेशींनी मांडलं आणि मे 2020 मध्ये इक्बालसिंह चहल आले, म्हणजे एकाने बेत ठरवला आणि दुसऱ्याला तो सगळा मोडून चूल पेटवावी लागली.

7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. 2023 चं बजेट तर अतिरिक्त आयुक्तांनी प्रशासकांना, म्हणजे चहल यांनाच सादर केलं. अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांना दिलं, प्रश्न विचारायला 227 पैकी एक पण नगरसेवक खोलीत नाही.

2. सगळं शहर बंद होतं, मग बजेट वाढलं कसं काय? 33 हजार कोटीचं 39 हजार कोटी?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि बाकीची निम्मी उत्तरं यातच आहेत.

2020-21 चं बजेट 33,441.02 कोटींचं होतं, ते 4 फेब्रुवारी 2020 ला मांडलं गेलं, तेव्हा मुंबईत एकही पेशंट नव्हता. पुढच्या वर्षीचं, म्हणजे 2021-22 चं, 39,038.83 कोटींचं. जवळपास 17 टक्के वाढ. पेपरात हेच छापून आलं आणि लोकांना वाटलं की यांच्याकडे पैसा पडलाय नि आपल्याला साधी घरपट्टीत सूट पण देत नाहीत.

पण बजेट म्हणजे अंदाज. खर्च नव्हे, आणि हातात आलेला पैसा तर नव्हेच. सोसायटीच्या एजीएममध्ये आपण यंदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं म्हणून आठ लाख लिहितो, पावसाळा येतो, चार मेंबर मेंटेनन्स थकवतात, गच्ची तशीच गळते आणि पुढच्या वर्षी परत दहा लाख लिहितो. कागदावर वाढ झालीच ना?

बजेटच्या पुस्तकात प्रत्येक आकड्याशेजारी एक ‘सुधारित अंदाज’ नावाचा कॉलम असतो. वर्ष संपत आलं की आधीच्या अंदाजाचं काय झालं ते तिथे लिहितात. हेडलाइन कधीच त्या कॉलममधून येत नाही.

3. मग नक्की किती उत्पन्न बुडालं?

2020-21 मध्ये महसुली उत्पन्न 28,448.30 कोटी येईल असं धरलं होतं, सुधारून ते 22,572.13 कोटी केलं. फरक 5,876.17 कोटींचा.

आता हा खड्डा कुठे पडला ते बघा. मालमत्ता कराचा अंदाज 6,768.58 कोटी होता, तो 4,500 कोटींवर आणला. विकास नियोजन खात्याचा, म्हणजे बिल्डर लोक प्रीमियम भरतात त्या खात्याचा, अंदाज 3,879.51 कोटी होता, तो 1,200 कोटींवर आला. ह्या दोनच खात्यांची घट मिळवली तर चार हजार नऊशे कोटींच्या वर जाते, म्हणजे बुडालेल्या दर पाच रुपयांतले चार रुपये फक्त घरपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचे. तुमच्या गल्लीतलं दुकान बंद राहिलं त्याचा महापालिकेच्या तिजोरीवर थेट फार कमी परिणाम झाला, कारण विक्रीवरचा कर महापालिकेकडे येतच नाही (पुढचं उत्तर वाचा).

4. जकात गेली ना, मग जीएसटी कमी झाल्यावर महापालिकेचे पैसे पण कमी झाले असतील?

लॉजिक बरोबर, पण तसं झालं नाही.

1 जुलै 2017 ला जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा महापालिकेचा कर, बंद झाली. बदल्यात राज्य सरकार महापालिकेला दर महिन्याला भरपाई देतं आणि त्यासाठी महाराष्ट्राने वेगळा कायदा केला. ही रक्कम दर वर्षी 8 टक्क्यांनी वाढते, धंदा चालो न चालो. 2020-21 साठी साधारण 9,799 कोटी होती, 2021-22 साठी 10,583 कोटी. म्हणजे मंदीत शहराच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा एकरकमी आधार हाच होता.

लोक इथे दोन भरपाया एकत्र करतात. केंद्र राज्यांना 14 टक्के वाढ धरून भरपाई देत होतं ती वेगळी, ती पाच वर्षांची होती आणि जून 2022 ला संपली, तिच्यावरूनच 2020 मध्ये भांडण झालं आणि केंद्राने राज्यांसाठी कर्ज काढलं. महापालिकेची भरपाई राज्याच्या खिशातून येते. राज्याचा खिसा तेव्हा इतका फाटका की 4 मे 2020 च्या आदेशाने विकासकामांचा फक्त 33 टक्के निधी खर्च करायला परवानगी आणि नवीन भरती बंद. तरी मुंबईचा चेक आला.

याची दुसरी बाजू पण आहे. जकात होती तेव्हा नाक्यावर रोजचा रोख पैसा यायचा, आता मुंबई महापालिका आपल्या सगळ्यात मोठ्या उत्पन्नासाठी मंत्रालयाकडे तोंड करून उभी आहे.

5. 79 हजार कोटींच्या एफडी होत्या ना? त्या मोडून गरिबांना पैसे का नाही दिले?

त्यावेळी एफडी साधारण तेवढ्याच होत्या, बरोबर. पण त्यातला मोठा भाग महापालिकेचा स्वतःचा नाही: कर्मचाऱ्यांचा प्रॉव्हिडंट फंड, पेन्शनचे पैसे, ठेकेदारांची अनामत. उरलेला बराचसा प्रकल्पांच्या नावाने बांधलेला. सोसायटीचा सिंकिंग फंड असतो ना, बँकेत दिसतो पण वॉचमनच्या पगाराला काढता येत नाही, तसंच. कोस्टल रोडसारखी कामं थांबवायची नव्हती, 2021-22 ला त्याच्यासाठी 2,000 कोटी ठेवले होते, त्यामुळे कमी पडलेले पैसे स्वतःच्याच राखीव निधीतून तात्पुरते उचलायचा मार्ग धरला. बाहेरून कर्ज नाही, घरातल्याच दुसऱ्या डब्यातून.

पण मला खटकणारी गोष्ट सांगतो. महामारी संपली तेव्हा एफडी कमी झालेल्या असायला हव्या होत्या, बरोबर? उलट 2022 च्या सुमारास 90 हजार कोटींच्या पुढे गेल्या. शहराच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट संकट आलं आणि बचत वाढली. याला काटकसर म्हणा किंवा कामं झालीच नाहीत म्हणा, आणि तिसरं कारण प्रश्न 6 मध्ये आहे.

6. मग पैसा परत आला कुठून? लोक तर अजून सावरले नव्हते.

बिल्डरांकडून.

जानेवारी 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बांधकामावरच्या प्रीमियममध्ये 50 टक्के सूट दिली, 31 डिसेंबर 2021 पर्यंत. दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून. अट अशी की सूट घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाची स्टॅम्प ड्युटी स्वतः भरायची. त्याच्या आधी सप्टेंबर 2020 पासून स्टॅम्प ड्युटी 5 टक्क्यांवरून 2 टक्के केलेली होतीच, नंतर मार्चपर्यंत 3 टक्के.

प्रीमियम म्हणजे काय असं पण विचारतात. फंजिबल एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम), जिना-लिफ्टची जागा, मोकळी जागा कमी सोडली त्याचे पैसे, असं सगळं बिल्डर महापालिकेला आगाऊ भरतो तेव्हा परवानगी पुढे सरकते. अर्ध्या किमतीत मिळतंय म्हटल्यावर जो तो पुढच्या प्रोजेक्टचे पण पैसे आत्ताच भरून मोकळा झाला, आपल्याकडे सेल लागला की पुढच्या दिवाळीच्या साड्या पण घेऊन ठेवतात तसं. 2021-22 ला त्या खात्यातून 2,000 कोटी येतील असा अंदाज होता, सुधारित आकडा आला 14,750 कोटी. सात पटीच्या वर!

आणि त्याच वर्षी घरपट्टी? 7,000 कोटींचा अंदाज, सुधारून 4,800 कोटी. म्हणजे पुस्तकात शहर ठणठणीत बरं झालेलं दिसतं आणि साध्या घरा-दुकानांकडून येणारा पैसा मात्र अजून अंथरुणातच. माझं म्हणणं एवढंच की ‘महापालिका सावरली’ आणि ‘मुंबई सावरली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. शिवाय हा प्रीमियम एकदाच मिळणारा, तोही अर्ध्या भावात, पुढच्या वर्षांचा पैसा आधीच खाऊन झालेला.

7. कोविडमध्ये घरपट्टी माफ झाली होती असं ऐकलं, मग आम्हाला बिल कसं आलं?

कोविडसाठी म्हणून सरसकट माफी झाली नाही. लोक दोन-तीन गोष्टी मिसळतात.

500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची माफी ही कोविडच्या आधीची घोषणा. 2019 मध्ये जी मिळाली ती फक्त ‘सर्वसाधारण कर’ या एका भागाची, बिलातले बाकीचे भाग, जलकर, मलनिःसारण, शिक्षण, रस्ता, झाडं, सगळे तसेच राहिले, म्हणून ‘माफ’ म्हणून सुद्धा बिल यायचं आणि लोक वॉर्ड ऑफिसला जाऊन भांडायचे. पूर्ण माफी 1 जानेवारी 2022 पासून, साधारण 16 लाख घरांना. फक्त निवासी. घर 500 फुटांच्या आत असून त्यात दुकान किंवा क्लास म्हणून नोंद असेल तर नाही.

दर पाच वर्षांनी होणारी भांडवली मूल्याची फेररचना 2020 मध्ये व्हायची होती, ती लांबत गेली. त्यामुळे दर वाढले नाहीत, पण ‘वाढले नाहीत’ म्हणजे ‘माफ’ नव्हे. त्यात 2020-21 ची बिलं वेळेवर निघालीच नाहीत, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटलं की सुटलो.

8. माझं दुकान महिनोन्महिने बंद होतं, तेवढ्या महिन्यांचा टॅक्स परत मिळेल का?

नाही. मालमत्ता कर जागेच्या किमतीवर लागतो, गल्ल्यावर नाही. शटर खाली असलं तरी मीटर चालूच. आणि थकवलात तर महिन्याला 2 टक्के दंड.

वाईट वाटतं हे मान्य. माझ्या मेव्हण्याची खानावळ तेव्हाच बंद पडली ती पडलीच, आणि टॅक्सचं बिल जागेच्या मालकाने त्याच्याकडे सरकवलं. करारात ‘सर्व कर भाडेकरू भरेल’ अशी ओळ असेल तर तुमचं भांडण मालकाशी आहे, महापालिकेशी नाही. करार आधी वाचा, मग रांगेत उभे राहा.

9. जम्बो कोविड सेंटरवर हजारो कोटी गेले म्हणतात, ते सगळे आपल्या टॅक्समधून?

सगळे नाही. बीकेसीचं सेंटर एमएमआरडीएने उभारलं, मुलुंडचं सिडकोने, दहिसरचं मेट्रोच्या कंपनीने, आणि मग महापालिकेकडे चालवायला दिलं. त्यामुळे नुसतं महापालिकेचं पुस्तक बघितलं तर उभारणीचा खर्च कमी वाटेल आणि चालवण्याचा, म्हणजे डॉक्टर, ऑक्सिजन, जेवण, सफाई याचा जास्त.

आरोग्याचं बजेट बघायचं असेल तर 2020-21 ला 4,260 कोटी, 2021-22 ला 4,728 कोटी आणि 2022-23 ला 6,933 कोटी. गंमत म्हणजे खरी उडी तिसऱ्या वर्षी, दुसरी लाट ओसरून गेल्यावर.

10. कोविडच्या खर्चाचा ऑडिट झाला का? घोटाळ्याचं पुढे काय?

मार्च 2020 मध्ये स्थायी समितीने आयुक्तांना टेंडरची नेहमीची वाट न बघता खर्च करायचे अधिकार दिले. तेव्हा ते गरजेचं होतं, ऑक्सिजन बेडसाठी एकवीस दिवसांचं टेंडर कोण काढत बसणार. पण अशा वेळी नंतरचा हिशोब जास्त कडक हवा.

राज्य सरकारने कॅगला (सरकारी हिशोब तपासणारी केंद्रीय यंत्रणा) 28 नोव्हेंबर 2019 ते 31 ऑक्टोबर 2022 या काळातल्या 12,023.88 कोटींच्या कामांची तपासणी सांगितली. अहवाल मार्च 2023 मध्ये विधानसभेत आला. त्यातले 3,538.73 कोटी कोविडचे होते आणि तेवढेच तपासले गेले नाहीत, कारण महापालिकेने साथरोग कायदा पुढे करून कागद दिले नाहीत. स्थलांतरित मजुरांना वाटलेल्या खिचडीच्या कंत्राटावरून 2023 मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. कोण दोषी ते कोर्ट ठरवेल, ग्रुपवर नावं टाकू नका प्लीज. पण ज्या खर्चाचे कागदच दाखवले नाहीत त्याला ‘ऑडिट झाला’ म्हणायचं नाही, एवढं पक्कं.

11. धारावी मॉडेल, धारावी मॉडेल करतात, त्यात बजेटचा भाग किती आणि लोकांचा किती?

1 एप्रिल 2020 ला पहिला पेशंट. साधारण अडीच चौरस किलोमीटरात आठ-नऊ लाख माणसं, संडास सार्वजनिक, दहा बाय दहाच्या खोलीत सात जण, घरात विलगीकरण शक्यच नाही. धारावी ज्यात येते त्या जी-उत्तर वॉर्डाने शाळा, हॉल, क्रीडा संकुल ताब्यात घेऊन तिथे विलगीकरण केलं, संडास दिवसातून अनेकदा धुतले, आणि तिथल्याच खाजगी डॉक्टरांना पीपीई देऊन घरोघर पाठवलं. लोकांनी दार उघडलं कारण डॉक्टर ओळखीचा होता. जुलै 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं ते सगळ्यांना आठवतं.

जे आठवत नाही ते पोटाचं. ‘तेरा कंपाउंड’ या भागातली भंगाराची, चामड्याची, शिलाईची कामं बंद, कारागीर श्रमिक ट्रेनने गावी गेलेले. ते परत येईपर्यंत मशीन चालू होणार नाही आणि मशीन चालू होईपर्यंत ते परत येणार नाहीत, असा घोळ कित्येक महिने. साथ आटोक्यात आणायला वॉर्डाकडे हेड, म्हणजे बजेटमधलं खर्चाचं खातं, होतं, खर्ची टाकायला जागा होती. बंद पडलेला गाळा परत सुरू करायचं हेडच महापालिकेच्या बजेटमध्ये नाही. ते काम झालं ते उधारीवर, भिशीवर, मुकादमाने दिलेल्या उचलीवर. आणि लोकल सर्वांसाठी 1 फेब्रुवारी 2021 ला सुरू झाल्या, त्याही वेळेच्या बंधनात, परत एप्रिलमध्ये बंद, मग 15 ऑगस्ट 2021 पासून दोन डोसवाल्यांना. विरारहून येणारा कारागीर गाळ्यापर्यंत पोचणार कसा?

12. बेस्ट तोट्यात आहे तर तिला परत परत पैसे कशाला?

लोकल बंद असताना नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार कामावर गेले ते बेस्टनेच, एवढं एक उत्तर पुरे. कमीत कमी भाडं जुलै 2019 मध्ये 5 रुपये केलेलं, त्यात अंतर ठेवून प्रवासी, म्हणजे गाडी भरून सुद्धा डिझेल सुटत नव्हतं. गाड्या कमी पडल्या तेव्हा एसटीच्या जवळपास हजार बस मुंबईत धावल्या. 2021-22 ला महापालिकेने बेस्टसाठी 750 कोटी ठेवले. भाडं 10 रुपये झालं ते मे 2025 मध्ये.

13. फेरीवाल्यांना 10 हजार मिळाले ते महापालिकेने दिले का? मला का नाही मिळाले?

ते कर्ज होतं, अनुदान नाही. केंद्राची पीएम स्वनिधी योजना, 1 जून 2020 पासून. सुरुवातीला बँक 10,000 द्यायची, वेळेवर फेडलं की व्याजात 7 टक्के सवलत आणि पुढचं कर्ज 20,000, मग 50,000. ऑगस्ट 2025 मध्ये योजना 2030 पर्यंत वाढवली, पहिलं कर्ज आता 15,000 आणि दुसरं 25,000.

महापालिकेचं काम शिफारस पत्र द्यायचं. अडकतं ते तिथेच. सुरुवातीची अट होती की 24 मार्च 2020 च्या आधीपासून तुम्ही धंदा करत होतात हे दाखवा. आता मुंबईत फेरीवाल्याकडे कागद कुठला? 2014 च्या सर्वेक्षणात 99 हजारांवर अर्ज आले होते, पात्र ठरले त्यातले थोडेच, आणि धंदा करणारे तर त्याहून कितीतरी जास्त. काहींकडे पुरावा म्हणून होती ती फक्त अतिक्रमणवाल्यांनी माल उचलला त्याची दंडाची पावती! माल सोडवून आणल्याचा कागद जपून ठेवा, असं मी भाजीवाल्या मावशींना सांगायचो ते उगीच नाही.

14. ‘ब्रेक द चेन’ निर्बंधांच्या वेळचे 1,500 रुपये आणि शिवभोजन महापालिकेचं होतं का?

दोन्ही राज्याचं. 13 एप्रिल 2021 च्या पॅकेजात नोंदणीकृत फेरीवाले, घरकामगार, बांधकाम कामगार आणि परवानाधारक रिक्षाचालकांना 1,500 रुपये. ‘नोंदणीकृत’ हा शब्द परत आला, म्हणजे प्रश्न 13 मधली सगळी रड इथेही. आणि रिक्षा यादीत होती पण काळी-पिवळी टॅक्सी नव्हती, म्हणून शीव-माहीमच्या दक्षिणेला, जिथे रिक्षा चालतच नाही, तिथल्या चालकांना काहीच नाही.

शिवभोजन 26 जानेवारी 2020 ला 10 रुपयांत सुरू झालं, लॉकडाउनमध्ये 5 रुपये, 15 एप्रिल 2021 पासून काही महिने फुकट. शहरात एका थाळीचा हिशोब 50 रुपये, वरचे पैसे राज्य केंद्रचालकाला देतं.

15. घरात कोविडने माणूस गेला, दाखल्यावर हार्ट अटॅक लिहिलंय. 50,000 मिळतील का?

दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणाने नकार देता येत नाही, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2021 मध्येच सांगितलंय. चाचणी किंवा निदान झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू असेल तर धरतात, घरी झाला तरी. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असताना 30 दिवसांनंतर गेले तरी धरतात. त्या 30 दिवसांत आत्महत्या केली असेल तरीही. पैसा आपत्ती निधीतला, महापालिकेच्या बजेटमधला नाही.

मुदतीचं मात्र कडक आहे. 20 मार्च 2022 च्या आधीच्या मृत्यूंसाठी 24 मार्चपासून 60 दिवस होते, नंतरच्यांसाठी मृत्यूपासून 90 दिवस. ज्यांना खरंच वेळेत अर्ज करता आला नाही त्यांच्यासाठी तक्रार निवारण समितीचा रस्ता ठेवला होता. जुना अर्ज फेटाळला गेला असेल तर फेटाळल्याचं कारण लेखी आहे का ते आधी बघा.

16. पुण्यात तर दंडात 80 टक्के सूट होती, मुंबईत का नाही?

वेगळी महापालिका, वेगळा कायदा, वेगळी गरज. पुण्याने ऑक्टोबर 2020 पासून अभय योजना आणली, 50 लाखांपर्यंतच्या थकबाकीवर दंडात सूट. रोख पैसा लगेच हवा असेल तर हा मार्ग चालतो. पण वेळेवर भरणारा माणूस दर वेळी मूर्ख ठरतो, आणि पुढच्या वेळी तोही अभय योजनेची वाट बघत बसतो. आमच्या सोसायटीत एकदा व्याज माफ केलं होतं, अजून निस्तरतोय.

17. आमच्या वॉर्डात तेव्हा ठेवलेले पैसे खर्च झाले की नाही हे कसं बघायचं?

महापालिकेच्या वेबसाइटवर अर्थसंकल्पाची पुस्तकं वर्षवार आहेत. एक नाही, दोन वर्षांची उघडा. 2020-21 चं तुमच्या कामाचं हेड शोधा, आकडा लिहून घ्या, मग 2021-22 च्या पुस्तकात तेच हेड आणि शेजारचा सुधारित अंदाज (प्रश्न 2). त्याच्या पुढच्या वर्षीच्या पुस्तकात प्रत्यक्ष खर्च पण मिळतो. शिक्षणाचं आणि पाण्याचं बजेट वेगळ्या भागात असतं, तिथे शोधायला विसरू नका.

तीन आकडे एका ओळीत आले की स्क्रीनशॉट काढून वॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात. अर्जात ‘विकासकामांची माहिती द्या’ असं मोघम लिहिलंत तर ‘कार्यालयात येऊन पाहावी’ असं उत्तर येतं, म्हणून हेडचा नंबर आणि वर्ष टाकाच.